लिपी एकच, मग अडचण कसली?

१६ एप्रिल २०२५ ला पहिलीपासून हिंदी आणण्याचा शासन निर्णय निघाला, जूनमध्ये त्यात दुरुस्ती झाली, २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेतले आणि समिती बसली. तरी ठाण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक वाक्य फिरतंच आहे. "लिपी एकच आहे, पोरांना जड काय जाणार?" म्हणणारी मंडळी शिकलेली, घोडबंदर रोडला राहणारी. पण सहा वर्षांचं मूल वाचायला कसं शिकतं, हे त्यांनी जवळून पाहिलेलं नसावं. अस्मितेवर भांडायला दोन्ही बाजूंना माणसं मिळतात. वेलांटीची बाजू घ्यायला कुणी नाही.

ठाणे-वाशी लोकलमध्ये बसा आणि पाट्या मुलाच्या डोळ्यांनी वाचा. दिघा गाव. पाटीवर वेलांटी आधी आणि द नंतर, तोंडात मात्र द आधी. नवशिकं मूल इथे अडखळतं, कारण त्याचा डोळा एका क्रमाने चालतो आणि कान दुसऱ्या. ऐरोली. मराठी 'ऐ'मध्ये अ आणि इ दोन्ही ऐकू येतात. हिंदीवाला 'पैसा' म्हणतो तेव्हा तिथे एकच पसरट स्वर असतो. रबाळेतला ळ हिंदीच्या वर्णमालेत नाहीच. तुर्भेचा रफार भ च्या डोक्यावर, पण उच्चार भ च्या आधी. कोपरखैरणे तर कळसच. त्यातल्या दोन्ही र मधला अ लिहिताना असतो, बोलताना गळतो.

शिवाय चाकातला च वेगळा आणि चारमधला वेगळा. हिंदीत च एकच. आपण कवी लिहितो, ते कवि. आपला ल पाकळीचा, हिंदी पुस्तकातला दांडीचा. मोठ्या माणसाला हे फरक दिसतही नाहीत. पहिलीतल्या मुलाला नेमके तेच दिसतात.

इथे इंग्लंडात इंग्रजी आणि फ्रेंचची लिपी एकच आहे. म्हणून कुणी रिसेप्शनमधल्या, म्हणजे शाळेच्या पहिल्याच वर्गातल्या चार-पाच वर्षांच्या पोराला फ्रेंच वाचायला बसवत नाही. दुसरी भाषा अभ्यासक्रमात सक्तीने येते ती इयर थ्रीपासून, म्हणजे सात-आठ वर्षांच्या मुलांना, आणि तीही २०१४ पासूनच. तोवर फक्त फोनिक्स, म्हणजे अक्षराचा आवाज ओळखायचा आणि आवाज जोडून शब्द वाचायचा. आधी एस, ए, टी, पी, आय, एन ही सहा अक्षरं, कारण तेवढ्यावर सॅट, पिन, टॅप असे शब्द लगेच जुळतात. इयर वनच्या जूनमध्ये याचीच तपासणी, फोनिक्स चेक. ४० शब्द, त्यातले २० निरर्थक, शेजारी परग्रहावरच्या प्राण्याचं चित्र. निरर्थक शब्द वाचता आला म्हणजे पोर खरोखर अक्षरं जोडतंय, पाठ केलेलं म्हणत नाही. वेल्सच्या शाळांत वेल्श आणि इंग्रजी दोन्ही चालतात, हे कुणीतरी तोंडावर फेकेलच. वेल्सचं नंतर कधीतरी बघू.

खरा संताप येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. मोजक्या अक्षरांतून लगेच शब्द जुळवण्याची ही युक्ती आपल्याकडे आधीपासून आहे आणि आपण तिची शोभा केली. जुन्या गुरुजींचं 'ग म भ न' घ्या. चारही अक्षरांना उजवीकडे दांडी, त्यामुळे हाताला वळण एकदाच लावायचं. त्यात फक्त काना मिळवा, की एवढे शब्द तयार: 'मग', नभ, मन, गगन, नाग, भाग, मान, मामा, नाना, गाभा. "मामा, नाग!" हे पहिल्याच आठवड्यात वाचता येणारं वाक्य, आणि मूल ते ओरडूनच वाचतं. पुढच्या गटाला हात लावण्याआधी 'भना', 'गाम', 'नामग' असले निरर्थक शब्द द्यावेत. तिथे अडखळलं तर गट पक्का झालेला नाही. वेलांट्यांमध्ये दुसरी आधी शिकवावी, कारण ती बोलण्याच्या क्रमाने अक्षरानंतर येते. पहिली मागाहून.

प्रत्यक्षात काय चालतं? बाराखडी. ३४ व्यंजनं गुणिले १२, म्हणजे ४०८ आकृत्या, आणि आता ॲ-ऑ धरून चौदाखडी. मूल ती सुरात म्हणतं, बोट भलत्याच अक्षरावर असतं. मधलाच 'कु' दाखवला की क पासून म्हणत येतं. ३४ अक्षरं आणि डझनभर खुणा वेगवेगळ्या कळल्या, तर ४०८ पाठ करावे लागत नाहीत.

लिहिण्याची घाई तर विचारूच नका. नर्सरीतल्या साडेतीन वर्षांच्या मुलाला चार रेघी वही. त्या वयात बोटांत पेन्सिल पेलण्याचं बळ आलेलं नसतं. आधी कणीक मळणं, कागद फाडणं, मणी ओवणं, फरशीवर खडूने हातभर उभ्या-आडव्या रेघा आणि गोल. खांदा, मग कोपर, मग मनगट, बोटं सर्वांत शेवटी. अक्षरं आली की शिरोरेषा शब्द पुरा झाल्यावर द्यावी, आणि ध, भ वर तोडावी. आधीच सरळ रेघ ओढून खाली अक्षरं टांगली की ध चा घ होतो, भ चा म, आणि बाई लाल शाईने शुद्धलेखन तपासत बसतात. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला गारगोट्या, शिंपले, बिया घेऊन बालवाडी चालवली. ते तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातच होतं. इंग्लंडचा दाखला खरं तर कशाला हवा?

पौंडात पगार घेऊन हे सांगणं कितपत शोभतं, हा प्रश्न रास्त आहे. इथल्या मराठी घरांत मुलं आजीशी फोनवर मराठी बोलतात, पण तिचा मेसेज रोमन अक्षरांत मागतात. शनिवारच्या मराठी वर्गांत आपणच 'अ अननसाचा' घेऊन बसतो. मूल चित्र बघतं, मनात पाइनॅपल म्हणतं आणि अ दाखवल्यावर 'प' वाचतं. घोडबंदरच्या इंग्रजी माध्यमातही आता याहून वेगळं काही होत नसणार.