टक्के मोजून झाले, पुढे कोण?

२०२४ च्या जुलैत पुण्यातल्या एका प्रशिक्षणार्थी आयएएस अधिकाऱ्याच्या दिव्यांग प्रमाणपत्रावरून गदारोळ उठला. तेव्हापासून आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अंधत्वाचा विषय दोनच अंगांनी निघतो: प्रमाणपत्र खरं की खोटं, आणि पेन्शन किती. २०२५ मध्ये बच्चू कडूंनी मोझरीला उपोषण केलं, त्यात दिव्यांगांना महिना ६,००० रुपये द्या ही एक मागणी होती. पुढे सरकारने संजय गांधी निराधार योजनेतली दिव्यांगांची रक्कम १,५०० वरून २,५०० केली. लगेच ग्रुपवर जुंपली. एकजण म्हणे आमच्या करातून किती जणांना पोसायचं, दुसरा म्हणे अडीच हजारांत हल्ली येतं काय. मी बर्मिंगहॅमला बसून हे वाचत होते आणि मला आमची मावशी दिसत होती.

दोन्ही वाद खोटे नाहीत. बनावट कागद काढणारा खऱ्या अंधाची जागा खातो, आणि अडीच हजारांत औषधंही भागत नाहीत. पण साठी उलटल्यावर काचबिंदूने दृष्टी गेलेल्या बाईला या दोन्ही वादांत कुठे जागा आहे ते सांगा. मावशीला राखीव जागेवर नोकरी नको आहे. तिला सकाळी उठून स्वतःचा चहा स्वतः करायचा आहे.

डॉक्टरांनी तिला सांगितलं, नस सुकली, आता काही करता येणार नाही. वैद्यकीयदृष्ट्या वाक्य बरोबर. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. पण त्या वाक्यानंतर तिची फाइल बंद झाली आणि पुढे कुठे जायचं हे कुणी सांगितलं नाही. मावसभावाने हेलपाटे घालून सरकारी दवाखान्यातून टक्केवारी ठरवून आणली, यूडीआयडी म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र आलं, ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात गेलं. घर प्रेमळ आहे, तेच अवघड झालंय. सून चांगली, ती म्हणते, ‘आई, तुम्ही बसा, मी देते.’ नातवंडं हात धरून मोरीपर्यंत नेतात. चाळीस वर्षं जिच्या हातचं सगळ्यांनी खाल्लं ती बाई आता पलंगाच्या कडेला बसून असते.

इथे मी एका स्थानिक अंधसेवा मंडळात जमेल तसं काम करते; कुणाला दवाखान्यात ने, कुणाची पत्रं वाचून दाखव. त्यातून एक मराठी काकू भेटल्या. मूळच्या दादरच्या, सत्तरच्या दशकात इथे आलेल्या, मॅक्युला म्हणजे डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजल्याने समोरचं मधलं चित्रच पुसलं गेलेल्या. त्यांचं प्रमाणपत्रही तज्ज्ञ डॉक्टरच्याच सहीने झालं. फरक त्यानंतरचा. रुग्णाने संमती दिली की त्या कागदाची एक प्रत थेट पालिकेकडे जाते. पालिकेला अंधांची नोंदवही ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे, आणि कागद हाती आल्यापासून दोन आठवड्यांत त्या माणसाशी संपर्क साधावा अशी सरकारी सूचना आहे. शिवाय अनेक नेत्ररुग्णालयांत डॉक्टरच्या खोलीबाहेरच एक पगारी माणूस बसवलेला असतो. ‘काही करता येणार नाही’ हे ऐकून बाहेर आलेल्याला खुर्ची देऊन पुढचं सांगणं, हेच त्याचं काम.

मग घरी पुनर्वसन शिक्षिका आली. पहिल्या दिवशी तिने शेगडीच्या बटणांवर बोटाला लागतील असे नारिंगी फुगीर ठिपके चिकटवले, एक बंदच्या जागी, एक मंद आचेवर. कपाच्या काठाला अडकवायची एक छोटी डबी दिली. तिच्या तारा कपात लोंबतात, चहा तारांना टेकला की ती वाजते. काकूंनी ती बाजूला ठेवली. ‘हे तुमच्या पिशवीच्या चहाला ठीक आहे. मला उकळून लागतो.’ मग दोघींनी उकळायचा चहा बसवला. आधी विझलेल्या शेगडीवर हाताने चाचपून पातेलं मधोमध ठेवायचं आणि मगच पेटवायचं. दूध वर यायला लागलं की उकळीचा आवाज बदलतो, तो ऐकायचा. पुढच्या खेपेला जेवणाचा धडा होता. शिक्षिका म्हणाली, ताट म्हणजे घड्याळ समजा, भात सहावर, भाजी तीनवर. काकू हसल्या. म्हणाल्या, आमच्या पानात मीठ वर मध्ये, चटणी-कोशिंबीर-लोणचं डावीकडे, भाजी-आमटी उजवीकडे, माझा हात जन्मभर न बघता तिथे जातो आहे. शिक्षिकेने हे वहीत टिपून घेतलं.

आता कुणी ग्रुपवर टाकेल, ‘गोऱ्यांचं कौतुक सुरू झालं.’ तर ऐका. मूल्यमापन २८ दिवसांत व्हावं अशी अपेक्षा असली तरी अनेक गावांत लोक महिनोन्‌महिने रांगेत असतात. आमच्या बर्मिंगहॅम पालिकेने तर २०२३ च्या सप्टेंबरात तिजोरी रिकामी झाल्याचं रीतसर जाहीर केलं. त्यानंतर ग्रंथालयांपासून वृद्धांच्या सेवांपर्यंत कात्री लागली. मार्गदर्शक कुत्रा सोबत असला की टॅक्सीवाले गाडी न थांबवता निघून जातात, २०१० च्या समानता कायद्याने त्याला बंदी असूनही. कामाच्या वयातल्या नोंदणीकृत अंधांपैकी साधारण चारातल्या एकालाच पगाराची नोकरी आहे. आणि काकूंचा फोन दिवसच्या दिवस वाजत नाही. मावशीकडे दिवसातून दहा माणसं डोकावतात. ती माणसं विकत आणता येत नाहीत, हे इथे राहिल्यावर फार कळतं.

रस्त्यांबद्दल थोडक्यात. बोटाला नाही तर पायाला कळणारी ती पिवळी उठावदार फरशी जपानच्या ओकायामात १९६७ साली पहिल्यांदा बसली. आपल्याकडे ती आता फुटपाथवर सर्रास दिसते, पण कित्येक ठिकाणी ती सरळ विजेच्या डीपीवर नेऊन सोडलेली असते. इथे सिग्नलच्या बटणाच्या डब्याखाली एक छोटा शंकू असतो. पादचाऱ्यांचा हिरवा दिवा लागला की तो फिरतो, अंध माणूस त्यावर बोट ठेवून उभा राहतो. डोळस लोकांना इथे वर्षानुवर्षं राहूनही त्याचा पत्ता नसतो, मलाही काकूंनीच दाखवला.

हे सगळं इथल्या सरकारला आपोआप सुचलेलं नाही. १९२० च्या एप्रिलमध्ये न्यूपोर्ट, मँचेस्टर आणि लीड्सहून अंध कामगार पायी लंडनला निघाले. कारखान्यांत खुर्च्या विणणारे, टोपल्या-ब्रश करणारे हे लोक, त्यांची स्वतःची संघटना होती. फलकावर मागणी होती, ‘दान नको, न्याय द्या.’ त्याच वर्षी कायदा झाला. त्याने अंधांचं पेन्शनचं वय ७० वरून ५० वर आणलं आणि त्यांच्या कल्याणाची जबाबदारी स्थानिक संस्थांच्या गळ्यात घातली. म्हणून मोझरीच्या उपोषणाला ग्रुपवर कुणी नौटंकी म्हटलं की मला पटत नाही. रस्त्यावर उतरल्याशिवाय हे कुठेच मिळालेलं नाही. माझी तक्रार वेगळी आहे. इथल्या त्या कायद्यात पैसाही होता आणि जबाबदार कोण तेही लिहिलं होतं. आपण फक्त पैशावर भांडतो.

आपल्याकडे काहीच नाही असं म्हणणंही खोटं ठरेल. दादरची अंधशाळा १९०० सालची. नॅब ही अंधांसाठी काम करणारी देशव्यापी संस्था १९५२ पासून आहे, आणि तिच्या कार्यकर्त्यांनी खेड्यांत घरोघर जाऊनही काम केलं आहे. स्वागत थोरातांनी २००८ मध्ये ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू केलं. पण यातला मोठा भाग मुलांसाठी, शिकणाऱ्यांसाठी, नोकरी शोधणाऱ्यांसाठी उभा राहिला. बहुतेकांची नजर मात्र उतारवयात जाते. मधुमेहाने बोटं बधिर झालेली मावशी आता ब्रेल शिकणार नाही. तिला हवी आहे पांढरी काठी धरायला शिकवणारी, अंगणापर्यंत सोबत येऊन मग मागे थांबणारी एक व्यक्ती, आणि सुनेला ‘आता तुम्ही हात सोडा’ असं सांगण्याचा अधिकार असलेली. तोही अधिकार लागतो. घरच्या माणसाचं सून ऐकणार नाही, शिक्षिकेचं ऐकेल.

पैसा कुठून, हा प्रश्न मावसभावाने विचारलाच. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत प्रत्येक संस्थेने स्वतःच्या उत्पन्नाचा ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. तो बरेचदा वर्षाअखेरीला घाईघाईने वाटला जातो, कुठे रोख, कुठे वस्तू, कुठे खर्चच होत नाही म्हणून निवेदनं दिली जातात. एका गावाच्या निधीतून शिक्षकाचा पगार निघणार नाही, पण तालुक्यातल्या गावांनी मिळून एक माणूस ठेवला तर? सरकारी दवाखान्यात प्रमाणपत्राची सही झाली की त्याची प्रत त्या माणसाकडे जावी, रुग्णाने अर्ज न करता.

‘आणि असे शिक्षक आणायचे कुठून?’ मावसभावाचा पुढचा मेसेज. अंधशाळांतून शिकून बाहेर पडलेली, न बघता पोळी लाटणारी, एकटी एसटीने फिरणारी मुलं-मुली सरकारी नोकऱ्यांतल्या १ टक्का जागांची वाट बघत घरी बसली आहेत. मावशीला शिकवायला त्यांच्याहून लायक कोण? त्यांना थोडं रीतसर प्रशिक्षण, दुचाकीवरून गावोगाव नेणारा एक सोबती आणि महिन्याचा पगार, एवढा हा खर्च. गावच्या ५ टक्क्यांचं काय झालं ते पुढच्या ग्रामसभेत विचार, असं मी त्याला लिहिलंय. तो सरपंचाच्या शेजारीच राहतो.