पंधरा मिनिटांची भेट
स्ट्रॅटेजी कन्सल्टिंगमध्ये, म्हणजे कंपन्यांना धोरणे सुचवण्याच्या व्यवसायात, शिरायचे तर आधी ओळखी वाढवा, हा सल्ला ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. अनोळखी माणसाला अदबीने संदेश लिहावा, १५ मिनिटे मागावीत, ३ आठवड्यांनंतरची वेळ मिळावी आणि तीही आयत्या वेळी पुढे ढकलली जावी, हे आता नित्याचेच झाले आहे. परवा एका सद्गृहस्थांनी, कॅमेरा बंद ठेवून, कंपनीचे व्यवसाय बाजाराची वाढ आणि त्यातला हिस्सा यांवरून चार गटांत मांडणाऱ्या १९७० सालच्या ग्रोथ-शेअर मॅट्रिक्समधली गाय (भरपूर पैसा देणारा व्यवसाय) आणि कुत्रा (रखडलेला व्यवसाय) मला सविस्तर समजावून सांगितले; जणू चार वर्षे ताळेबंद तपासणाऱ्याला ते ठाऊकच नसावेत! रेफरलचा, म्हणजे त्यांच्या कंपनीत माझी शिफारस करण्याचा, विषय निघताच मात्र त्यांची पुढची मीटिंग सुरू झाली. वर ‘संपर्कात राहा’ म्हणाले. कसा राहू? माझे शेवटचे दोन्ही संदेश वाचले गेल्याची खूण मिरवत तसेच पडून आहेत.