काही नाही होत म्हणे!

आज नागपुरातच, नंदनवनला, भाचीच्या लेकीचं बारसं होतं. लेक गोड, वडाभात फक्कड, आणि मी अर्ध्या पानावरून उठून आले. बहीण रागावली आहे. रागावू दे. घरी येऊन साडीसुद्धा बदलली नाही, आधी हे लिहायला बसले.

झालं असं की धाकटा भाचा, हिंजवडीत नोकरीला असतो तो, पंधरा दिवसांनी मित्रांबरोबर परदेशात फिरायला चालला आहे. कुठे ते लिहीत नाही, इथे सगळे नातेवाईक आहेत. तिथे सध्या रोज मोर्चे, जाळपोळ, अंधार पडला की संचारबंदी. तिकीट स्वस्त मिळालं म्हणे. मिळणारच ना बाप्पा, शहाणी माणसं रद्द करून राहिली तर स्वस्तच मिळणार! पंगतीत त्याने मोबाइलवर एक रील दाखवली. मागे टायर जळून राहिले आणि पुढे एक गोरा पाठीला सॅक लावून नाचून राहिला. "मावशी, असा कन्टेन्ट परत मिळत नाही." मी म्हटलं, अरे, तिथे माणसं मरून राहिली. तर पोट्टा वडाभातावर फोडणीचं तेल वाढून घेता घेता म्हणतो, "काही नाही होत गं. टुरिस्टला कोणी हात नाही लावत. इंडियन म्हटलं की तर नाहीच."

आणि भाऊजी शेजारी बसून मान हलवून राहिले! साठीचा माणूस!

तुम्हाला माहीत आहे, २०२५ च्या सप्टेंबरात मी आणि आई काठमांडूत अडकलो होतो. परत आल्यावरचा आमचा फोटो इथेच टाकला होता, त्यावर तुम्ही सगळ्यांनी हात जोडले होते. चपलेची गोष्ट मात्र मी तेव्हा लिहिली नव्हती.

महालक्ष्म्या बोळवल्या आणि दोन दिवसांनी आम्ही निघालो. अकरा जणांचा ग्रुप, बहुतेक पेन्शनर. पोखरा झालं, मनकामनादेवीचं दर्शन झालं. आम्ही पोचलो त्याच दिवशी, ४ सप्टेंबरला, तिथल्या सरकारने फेसबुक, व्हॉट्सअॅप, यूट्यूब धरून २६ अॅप्स बंद केली होती. आम्हाला त्याचं एवढंच दुःख की फोटो पाठवता येईनात. ८ तारखेला शाळाकॉलेजची पोरं रस्त्यावर आली, न्यू बानेश्वरला संसदेजवळ गोळीबार झाला, त्या एका दिवसात १९ जीव गेले. गणवेशातली पोरं होती त्यात. आम्ही त्या दिवशी काय करत होतो? थमेलच्या बाजारात रुद्राक्षाचा भाव पाडत होतो. लिहायलाही लाज वाटते.

९ तारखेला दुपारचं विमान होतं. आमचा टूर मॅनेजर सकाळीच सामान आणि सगळ्यांचे पासपोर्ट घेऊन पुढे विमानतळावर गेला. "तुम्ही आरामात या, मी सगळं करून ठेवतो." कंपनीचं नाव लिहीत नाही. आम्हाला न्यायला बस काही आली नाही. संचारबंदी लागली, ती मोडून लोक बाहेर पडले, दुपारी पंतप्रधान ओलींनी राजीनामा दिला, विमानतळ बंद झाला. मॅनेजर तिकडे, आमचे पासपोर्ट त्याच्या बॅगेत, आणि आम्ही अकरा म्हातारेकोतारे इकडे हॉटेलच्या गल्लीत. हॉटेलच्या गच्चीवरून पाहिलं तर शहरावर चारही बाजूंनी काळा धूर. सिंहदरबार, म्हणजे त्यांचं मंत्रालय, पेटला, संसद पेटली, सर्वोच्च न्यायालय पेटलं. नक्साल भागातलं हिल्टन हॉटेल पेटलं, ते आमच्यापासून फार लांब नव्हतं. एवढं मोठं हॉटेल जळतं तिथे आमच्या चार मजल्यांचं काय?

आता चप्पल.

आमच्यात एक काका होते, रिटायर्ड, स्वभावाने बरे. तीनच्या सुमारास गल्लीच्या तोंडाशी घोषणा ऐकू आल्या. काका मोबाइल घेऊन उतरले. आम्ही नको नको म्हणून राहिलो, ते म्हणाले (ओळखा काय म्हणाले) "काही नाही होत." कोपऱ्यावर जाऊन हात उंच करून शूटिंग सुरू. गर्दीतल्या दोघातिघांनी वळून पाहिलं. एकाने काकांच्या मोबाइलकडे बोट दाखवून आरडाओरडा केला. इतक्यात आमच्या हॉटेलातला पोरगा, रिसेप्शनवर बसायचा तो, एकोणीस-वीस वर्षांचा असेल, काउंटरवरून उडी मारून पळत सुटला. स्लिपरवर. त्याने काकांना मिठीच मारली, त्यांचा मोबाइल स्वतःच्या खिशात घातला, गर्दीकडे बघून हात जोडले, नेपाळीत काहीतरी बोलत बोलत त्यांना मागे मागे ओढत आणलं आणि शटर खाली घेतलं. एक स्लिपर तिथेच राहिली. निळी. आमच्या खोलीच्या खिडकीतून दिसत होती. अंधार पडेपर्यंत दिसत होती.

काका म्हणाले, अरे मी तर फक्त व्हिडिओ घेत होतो. त्यावर तो पोरगा हिंदीत जे बोलला ते मी भाच्याला सांगणार होते, पण त्याने ऐकून घेतलं नाही. "अंकल, उनको लगेगा आप पुलिस के लिए चेहरा ले रहे हो. और पुलिस को लगेगा आप उनके साथ हो."

झालं. त्या पोराला जे वयाच्या विसाव्या वर्षी कळतं ते आपल्या इंजिनीयरला कळत नाही. रस्त्यावर उतरलेल्या माणसाला चेहरा दिसण्याची भीती असते. आणि तू कॅमेरा घेऊन त्याच्या तोंडासमोर! तुझ्या पासपोर्टवर सिंहाची मुद्रा आहे की गरुडाची, हे तो तेव्हा तपासत बसणार आहे?

इंडियनला हात लावत नाहीत म्हणे. त्याच दिवसांत पशुपतिनाथाहून परतणाऱ्या आपल्या यात्रेकरूंच्या बसवर दगडफेक झाली. एका भारतीय बाईचा आग लागलेल्या हॉटेलातून उतरताना जीव गेला. तिच्यावर कोणाचा राग होता का? नव्हता. आग पासपोर्ट पाहत नाही. २०२४ च्या मे महिन्यात किरगिझस्तानात, बिश्केकला, जमाव परदेशी विद्यार्थ्यांच्या होस्टेलांवर चालून गेला, तेव्हा आपल्या दूतावासाने काय सांगितलं? आतच राहा. विदर्भातली किती पोट्टी तिकडे एमबीबीएसला असतात, त्यांच्या आयांना विचारा ती रात्र कशी गेली.

आणि भाऊजींचं आणखी एक. "सरकार विमान पाठवतं ना." ऑपरेशन गंगा, ऑपरेशन कावेरी, ऑपरेशन सिंधू, नावं तोंडपाठ आहेत त्यांना. अहो, युक्रेनातून आपली मुलं आणायला विमानं पोलंडला आणि रोमानियाला उतरली होती. तिथवर पोरं बर्फातून चालत गेली. सुदानात खार्तूमहून पोर्ट सुदानपर्यंत बसने, मग जहाजाने जेद्दाह, मग विमान. दारात रिक्षा येते तसं विमान येत नसतं. आपल्या लोकांनी ते काम उत्तम केलं, मला अभिमान आहे. पण ती विमानं अडकलेल्यांसाठी आहेत, मुद्दाम जाऊन अडकणाऱ्यांसाठी नाहीत.

मान्य आहे, धोका कुठे नाही? मार्च २०२५ मध्ये आपल्याच नागपुरात महाल भागात दंगल झाली, नंदनवनपर्यंत संचारबंदी लागली होती. ज्या घरात आज पंगत बसली त्याच घरात बहीण तेव्हा दूध नाही म्हणून कोऱ्या चहावर होती. पण तेव्हा तिला माहीत होतं कोणत्या गल्लीतून निघायचं, कोणाचं दार वाजवायचं, कोणता शिपाई ओळखीचा आहे. परक्या गावात तुम्हाला गल्ली माहीत नसते. घोषणा कशाची चालू आहे ते कळत नाही. हसून राहिले की धमकावून राहिले तेही कळत नाही.

आणि फिरू नका असंही मी म्हणत नाही. नेपाळ पर्यटकांवर जगतो, मी स्वतः परत जाणार आहे. त्या पोरांचा रागही खोटा नव्हता. आमच्या हॉटेलातला तो पोरगाच सांगत होता, त्याच्या वर्गातली निम्मी पोरं कतार-मलेशियाला मजुरीला गेली. पण दुसऱ्याच्या घरात भाऊबंदकी पेटली असेल तर पाहुणा काय करतो? आतल्या खोलीत गुपचूप बसतो. मिळेल तो चहा पितो. दारात उभा राहून व्हिडिओ काढत नाही रे भैताडा!

बरं. थोडी शांत झाले. चहा घेतला.

त्या पोराबद्दल लिहायचं राहिलं. त्या रात्री त्याने रस्त्याकडच्या सगळ्या खोल्यांचे दिवे बंद करायला लावले, पाटीचा दिवा काढला, आम्हाला मागच्या बाजूच्या चार खोल्यांत कोंबलं. तुरुंग फोडून कैदी पळाल्याच्या बातम्या येत होत्या, देशभरातून तेरा हजारांवर. दर तासाला तो वर येऊन मोजायचा. अकरा. मग खाली. रात्री दहानंतर लष्कराने शहर ताब्यात घेतलं, तेव्हा कुठे शटरला पाठ टेकून बसला. एका पायात स्लिपर, दुसरा अनवाणी. माझी आई त्याला म्हणाली, "बाळा, तू जेवला का?" त्याला मराठी कळलं असेल नसेल, तो हसला आणि म्हणाला, "आमा, सुत्नुस्." झोपा. दुसऱ्या दिवशी भाजी संपली तर चिउरा आणि उकडलेले बटाटे. चिउरा म्हणजे आपले पोहेच. आईने चव घेतली आणि म्हणाली, तर्री असती तर! त्या चार खोल्यांत दोन दिवसांनी पहिल्यांदा कोणी हसलं.

कामाला काय आलं, विचाराल तर आईची चंची. कापडाची, कमरेला बांधायची. निघताना मी तिच्यावर हसले होते. त्यात तिचं मतदार ओळखपत्र होतं, जे मॅनेजरने मागितलं तरी तिने दिलं नव्हतं ("माझं माझ्यापाशी"). नेपाळात विमानाने जायला-यायला पासपोर्ट किंवा ते कार्ड, दोन्हींतलं एक चालतं. अकरांत फक्त तिच्याकडे स्वतःचं ओळखपत्र होतं! शिवाय शंभराच्या नोटांची गड्डी. तेव्हा तिथे आपल्या शंभरावरच्या नोटा चालत नव्हत्या, कार्डाचं मशीन बंद पडलेलं, एटीएम बंद. शंभराचे त्यांचे एकशे साठ. आईच्या त्या गड्डीवर अकरा जणांची औषधं आली. माझ्या पर्समध्ये पाचशेच्या बारा नोटा होत्या, त्यांचा उपयोग शून्य. इन्शुरन्सही काढला होता मी, मोठ्या ऐटीत. मागच्या पानावर बारीक अक्षरात दंगल, बंड, युद्ध सगळं वगळलेलं. ते मी काठमांडूत पहिल्यांदा वाचलं.

आणि आमचा भाऊ. ८ च्या रात्री बंदी उठली आणि व्हॉट्सअॅप उघडलं तर दोनशेच्या वर मेसेज. काकू, आत्या, सोसायटी, शाळेचा ग्रुप. प्रत्येकाला "आम्ही ठीक" लिहिता लिहिता बॅटरी संपायला आली. मग भावाला सांगितलं, नागपूरचं तू बघ, मी फक्त तुला कळवणार, सकाळ-संध्याकाळ. दूतावासाचे दोन नंबर होते, व्हॉट्सअॅपवरही चालणारे, ते त्यानेच शोधून आमची नावं कळवली. मी ते नंबर आईच्या जपाच्या वहीत पेनाने लिहून ठेवले. मोबाइल मेला तरी वही मरत नाही.

१० च्या संध्याकाळी विमानतळ उघडला. ११ ला सकाळी संचारबंदी सैल झाली तेव्हा निघालो. चौकाचौकांत सैनिक, तिकीट दाखवलं की सोडत होते. मॅनेजर विमानतळावर भेटला, दोन दिवसांची दाढी, डोळे लाल. तो पासपोर्ट वाटताना रडला. मला त्याला खूप बोलायचं होतं, नाही बोलले. त्यालाही "काही नाही होत" असंच वाटलं असेल.

गाडीत बसण्याआधी मी गल्लीच्या तोंडाशी गेले. स्लिपर नव्हती. आईने त्या पोराच्या हातात उरलेली गड्डी ठेवली. त्याने दोन नोटा काढून घेतल्या, बाकी तिच्या मुठीत परत दाबल्या. म्हणाला, चप्पल इतक्यात येते.

काका गाडीत मागे बसले होते. दिल्लीपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

हे लिहिता लिहिता बहिणीचा फोन येऊन गेला. भाच्याचं तिकीट रद्द होत नाही, पैसे परत नाहीत, तो जाणारच आहे. तोंड फुगवून बसला आहे म्हणे, मावशीने सगळ्यांसमोर भैताड म्हटलं. (पंगतीत म्हटलं नव्हतं, गाडीत बसताना म्हटलं.) मग म्हणाली, तो विचारून राहिला, आजीची ती पिशवी कशी होती?

आई हॉलमध्ये मशीनवर बसली आहे. माझ्या जुन्या पेटीकोटचं कापड कापलं तिने, चष्मा शोधून राहिली. त्याच्या कमरेचं माप लागणार आहे. ताई, तू हे वाचत असशील तर टाक.