नाताळात गोव्यात ‘बुकिंगशिवाय जेवण नाही’? मुद्देसूद उत्तर

डिसेंबरचा तिसरा आठवडा आला की एक मेसेज पुण्या-कोल्हापुरापासून बेळगावपर्यंतच्या ग्रुपांवर हमखास फिरतो. सारांश असा: २४ डिसेंबर ते १ जानेवारी या काळात गोव्यात आगाऊ बुकिंग केल्याशिवाय कुठेच जेवायला मिळत नाही. अस्सल गोव्याचं जेवण हवं तर किनाऱ्यावरच्या शॅकमध्येच (झोपडीवजा हंगामी उपाहारगृहात) जावं लागतं आणि तिथे लूट होते. मासळी सगळी बाहेरून आलेली, औषध मारलेली असते. गाड्यावर खाल तर पोट बिघडेल. शाकाहारी माणसाची उपासमार ठरलेली. तेव्हा शेगडी-सिलिंडर गाडीत टाका आणि आपलं आपण शिजवा. वर ‘जनहितार्थ’ हा शिक्का आहेच.

यातली दोन वाक्यं अर्धी खरी आहेत, एक थेट दंड भरायला लावणारं आहे. बाकीची रात्री साडेनऊला कळंगुटच्या रस्त्यावर उपाशी उभं राहून लिहिल्यासारखी वाटतात.

‘बुकिंगशिवाय कुठेही जागा नाही’

गर्दी खोटी नाही. पण ती कांदोळी, कळंगुट, बागा, हणजूण, वागातोर या पट्ट्यात आणि संध्याकाळी सातनंतर असते. पाहुणे दहाला उठतात, अकराला नाश्ता शोधतात, अडीच-तीनला जेवायला निघतात आणि रात्री साडेनऊला सगळे एकदम बाहेर पडतात. गोवेकराचं घड्याळ वेगळं. सकाळी साडेसात-आठला भाजी-पाव, साडेबारा ते दीडच्या दरम्यान नुस्त्याचं (मासळीचं) ताट आणि तीनला शटर खाली. ते पुन्हा वर जातं सातच्या सुमाराला. या वेळा धरल्या तर पणजी, म्हापसा, मडगाव, फोंडा यांपैकी कुठेही बुकिंग लागत नाही. फार तर दहा-पंधरा मिनिटं दारात थांबावं लागतं.

अडीचला गेल्यावर ‘संपलं’ का ऐकायला मिळतं, तेही समजून घ्या. ताटाचं जेवण सकाळी अंदाजाने एकदाच शिजतं. हुमण (मासळीची नारळाच्या वाटणातली आमटी) संपलं म्हणून भर दुपारी नारळ खवून, मिरची-धणे वाटून, मासळी साफ करून दुसरं पातेलं कुणी चढवत नाही. आधी उकडा भात संपतो, मग किसमूर (सुक्या मासळीची खोबरं घातलेली कोशिंबीर), मग तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकं. उरतो तो पांढरा भात आणि वाढवलेला रस. तळणीची अडचण आणखी वेगळी. एका तव्यावर आठ-दहा तुकडे मावतात. रवा लावलेला सुरमईचा (इथे इसवण) जाड तुकडा मध्यम आचेवर दोन्ही बाजूंनी मिळून सात-आठ मिनिटं मागतो. पुढे चाळीस तुकड्यांची ऑर्डर असेल तर तुमचा तुकडा अर्ध्या तासाने येणार, आणि आचारी घाईला आला तर रवा करपलेला नि काट्यालगत मांस कच्चं, असा येणार. म्हणून सव्वाबाराला बसा. बसताना तीनच गोष्टी विचारा: उकडा भात आहे का, आज हुमण कशाचं, आणि ताटात तळलेला तुकडा धरलाय की त्याचे वेगळे पैसे. तुकडा वेगळा असेल तर ताट यायची वाट न बघता तेव्हाच सांगून टाका.

दहा जणांचा गट असेल तर ‘आम्हाला एकत्रच बसायचंय’ हा हट्ट सोडा. या खानावळींत टेबलं चौघांची असतात. चार, तीन, तीन असे विभागलात तर लगेच बसता. एकत्र बसायचं म्हटलं की तीन टेबलं एकाच वेळी रिकामी व्हायची वाट बघावी लागते, आणि ती तशी होत नाहीत.

पणजीत गाडी घेऊन १८ जून रस्त्यावर जागा शोधत फिरणं म्हणजे जेवणाचा पाऊण तास घालवणं. पाटोला बहुमजली पार्किंगमध्ये गाडी टाका, खाडीवरचा पूल ओलांडून फोंतेन्हासमधून चालत चर्च चौकात या. पंधरा-वीस मिनिटांचं चालणं आहे, भूकही चांगली लागते.

आता मेसेजमधला खरा भाग. ३१ च्या रात्री किनारी पट्ट्यात बुकिंग लागतंच. बऱ्याच ठिकाणी त्या रात्री नेहमीचं मेन्यूकार्डच नसतं, ठरलेलं जेवण आणि माणशी ठरलेली रक्कम असते. दुसरी अडचण सुट्ट्यांची. पणजीतली काही जुनी उपाहारगृहं रविवारी बंद असतात, २४ च्या संध्याकाळी ख्रिस्ती मालकांची हॉटेलं लवकर आवरतात आणि २५ ला यांतली पुष्कळ उघडतच नाहीत. त्या दोन दिवशी निघण्याआधी एक फोन करा. नकाशाच्या ॲपवर ‘ओपन’ दिसतं, त्यावर विसंबू नका. सणाची सुटी तिथे कुणी भरत बसत नाही.

‘अस्सल जेवण फक्त शॅकमध्ये’

हे तर उलटंच आहे. शॅकमधल्या मेन्यूत पास्ता, मोमो आणि बटर चिकनची गर्दी इतकी झाली की सरकारला २०२३ ते २०२६ च्या शॅक धोरणात गोव्याचं जेवण, मुख्यत्वे शीत-कडी (भात आणि मासळीची आमटी), ठेवणं बंधनकारक करावं लागलं. शॅकमध्ये बसायचं ते वाळूसाठी, वाऱ्यासाठी. जेवायचं गावात.

गावात म्हणजे नेमकं कुठे, तर बाजार, कदंब बसस्टँड, मामलेदार कचेरी, कोर्ट यांच्या आसपास. तिथे रोज तेच गिऱ्हाईक येतं, त्यामुळे एक दिवस जरी हुमण बिघडलं तरी दुसऱ्या दिवशी मालकाला ऐकून घ्यावं लागतं. पर्यटक काय, परत येणार नसतो. रेटिंगच्या ताऱ्यांचंही तेच. साडेचार तारे बहुधा सजावटीला आणि सूर्यास्ताला मिळालेले असतात, आणि बाजारातल्या चांगल्या खानावळीला ‘सर्व्हिस स्लो’ म्हणून पावणेचारवर बसवलेलं असतं. तारे सोडा, गेल्या महिन्याभरात लोकांनी टाकलेले ताटांचे फोटो बघा. वाटीतला रस घट्ट, केशरी-लाल आहे का, सोलकढी आहे का, सोबत एखादी भाजी आणि किसमूर दिसतं का, एवढ्यावर बरंच कळतं.

सकाळचा भाजी-पाव तर बहुतेक पाहुणे चुकवतात, आणि हॉटेलच्या बुफेत थंड इडली खातात. पणजीत चर्च चौकाच्या मागच्या गल्ल्यांत, मडगावला पालिकेच्या इमारतीच्या अवतीभवती, म्हापशाला बाजारात सकाळी सातपासून ही उपाहारगृहं गजबजलेली असतात. पातळ भाजी, सुकी बटाट्याची भाजी, दोन्ही एकत्र करून मिक्स, कधी अळसांद्यांची (चवळीची). सोबत पाव किंवा गोडसर बन आणि मिरचीची भजी. टेबल अनोळखी माणसांसोबत वाटून घ्यायचं, खाऊन झालं की उठायचं. गप्पांना बसलात तर मागे उभा असलेला माणूस खाकरतो. साडेनऊनंतर पहिल्या हाताची भाजी संपत येते, तेव्हा त्याआधी पोचा.

म्हापशाला शुक्रवारी जाणार असाल तर एक लक्षात ठेवा: तो आठवड्याच्या बाजाराचा दिवस. चुरीसाच्या (गोव्याच्या मसालेदार पोर्क सॉसेजच्या) माळा, सुकी मासळी, मिरच्या, केळी बघायला सुरेख, पण गाडी लावायला जागा मिळणं कठीण. सकाळी आठच्या आत पोचलात तर ठीक.

‘किनाऱ्यावर लूट होते’

होते, पण बहुतेक वेळा न विचारल्यामुळे. बर्फावर मांडलेला मासा बोट दाखवून निवडला, भाव विचारला नाही, आणि बिल आल्यावर डोळे पांढरे, हा ठरलेला प्रकार. मासा तव्यावर जाण्याआधी चार प्रश्न: किलोचा भाव काय, या माशाचं वजन किती (काट्यावर समोर दाखवा म्हणा), वजन साफ करण्याआधीचं की नंतरचं, आणि शिजवण्याचे पैसे त्यात आले का. समजा भाव किलोला १,८०० आणि चोणक दीड किलोचा, तर बिलात २,७०० त्या एका माशाचे. चौघांत परवडेल, दोघांत नाही, आणि हे आधीच कळलेलं बरं. मेन्यूत आकड्याऐवजी ‘आकारानुसार’ लिहिलं असेल तिथे तर विचारल्याशिवाय ऑर्डरच देऊ नका.

बिलात दोन ओळी तपासा. साध्या उपाहारगृहात जीएसटी ५ टक्के असतो. बिलावर ‘कॉम्पोझिशन’ या लहान व्यावसायिकांसाठीच्या कर योजनेचा उल्लेख असेल तर त्या मालकाला गिऱ्हाइकाकडून जीएसटी घेताच येत नाही. आणि सेवाशुल्क सक्तीचं नाही. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये तशी मार्गदर्शक तत्त्वं काढली, दिल्ली उच्च न्यायालयाने २०२५ च्या मार्चमध्ये ती उचलून धरली. शांतपणे ‘हे काढा’ म्हणा.

टॅक्सीवाला स्वतःहून एखादं हॉटेल सुचवत असेल तर तिथे त्याचं कमिशन असू शकतं. तो स्वतः कुठे जेवतो ते विचारा, तिथे जा.

‘मासळी सगळी बाहेरची आणि औषधाची’

हे दुसरं अर्धं खरं. गोव्यात शेजारच्या राज्यांतून मासळी येते, आणि २०१८ च्या जुलैत फॉर्मेलिनचा (मासळी टिकवायला मारल्या जाणाऱ्या रसायनाचा) वाद पेटून परराज्यांतल्या मासळीवर काही दिवसांची बंदीही आली होती. पण महिना बघा. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलरना मासेमारीबंदी असते, तेव्हा बाहेरच्या मासळीवर भिस्त जास्त. डिसेंबरात मालीम, कुटबण, वास्कोच्या जेटींवर बोटी लागतात. तेव्हा त्या दिवसात जे मुबलक ते मागावं: बांगडा, तारले, मुडदुशी, कोळंबी. पापलेट आणि इसवणाचाच हट्ट धरलात की फ्रीझरमधला तुकडा येण्याची शक्यता वाढते, पैसे तर जास्त जातातच.

ताटात आलेल्या मासळीची पारख करायला एक-दोन खुणा पुरतात. बांगड्याचा पहिला घास जिभेला चुरचुरला, मिरीसारखा टोचला, तर तो बाजूला सारा. उन्हात राहिलेल्या बांगड्यात हिस्टामिन तयार होतं, ते शिजवल्याने जात नाही, आणि तासाभरात अंगावर लाल चट्टे उठू शकतात. तिखट हुमणात ही चुरचुर लपते, तळलेल्यात लगेच कळते. तिसऱ्यांच्या सुक्यात जी शिंपली शिजूनही बंद राहिली ती नखाने उघडायला जाऊ नका, सोडून द्या.

‘गाड्यावर खाऊ नका’

संध्याकाळी सातनंतर गावोगावी लागणारे गाडे हा या गर्दीवरचा सर्वांत सोपा इलाज आहे. रस-ऑम्लेट तर तुमच्या समोर बनतं: दोन अंडी, कांदा-मिरची, तव्यावरून सरळ ताटलीत, वर चिकन शागुतीचा (भाजलेल्या खोबऱ्या-मसाल्याच्या रश्श्याचा) कढत रस आणि सोबत पाव. उकळता रस आणि तापलेला तवा, यात पोट बिघडण्यासारखं फारसं नाही. बिघडतं ते वरून भुरभुरलेल्या चिरून ठेवलेल्या कांद्याने आणि पिंपातल्या पाण्याने. रसाच्या पातेल्यात बुडबुडे येत आहेत का बघा. नुसता कोमट दिसला तर पुढचा गाडा गाठा. ‘कांदा वरून नको’ म्हटलं तर कुणी वाईट मानत नाही. पाणी आपल्या बाटलीतलं प्या.

पोदेर (पाववाला) दुपारनंतर पुन्हा भट्टी लावतो, त्यामुळे सात-साडेसातचा पाव नुकता आलेला असतो. रस टिपायला कडक पाठीचा उंडो हा पाव उत्तम, कोंड्याची पोई चुरीसासोबत. नऊनंतर पाव संपला की गाडाही आवरतो, मग रस कितीही उरलेला असो.

काही गाड्यांवर बीफ आणि पोर्क दोन्ही असतं, तवा एकच असतो. ज्यांना चालत नाही त्यांनी आधी विचारावं.

‘शाकाहारींची उपासमार’

सोमवारी आणि गुरुवारी पुष्कळ हिंदू गोवेकरांच्या घरी मासळी शिजत नाही. मार्गशीर्षातल्या गुरुवारी तर नाहीच. आणि मार्गशीर्ष उशिरा आला तर तो या आठवड्यापर्यंत पोचतो. तेव्हा शाकाहारी जेवण ही इथे अडचणीतली सोय नाही. उडुपी पद्धतीची उपाहारगृहं प्रत्येक शहरात आहेत, भाजी-पावाची वर सांगितलीच. जेवण खास हवं असेल तर मंगेशी, म्हार्दोळ, रामनाथी, कवळे या देवळांच्या परिसरात दुपारी जा. पणजीहून मंगेशी साधारण वीस-बावीस किलोमीटर. भाग्य असेल तर तेफळं (तिरफळं) घातलेलं खतखतें (मिश्र भाज्यांची आमटी) किंवा मुगागाठी (मोड आलेल्या मुगांची उसळ) मिळतील. सावध राहायचं ते एवढ्याचसाठी: मासळीच्या खानावळीत ‘व्हेज ताट’ मागितलं तर भाजीत सुकी सुंगटं (कोळंबी) नाहीत ना, हे विचारून घ्या. इथे ती चवीला घालायची रीतच आहे.

‘शेगडी-सिलिंडर घेऊन जा’

हे करू नका. पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक करण्याविरुद्ध गोव्याच्या पर्यटनस्थळ संरक्षण कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीत एकट्याला २,००० आणि गटाला १०,००० रुपये दंड ठेवला होता, २०२५ च्या दुरुस्तीने तो आणखी वाढवला. शिवाय बंद गाडीत उन्हात तापणारा सिलिंडर घेऊन घाट उतरायचा, हा सल्ला जनहितार्थ कसा ठरतो कोण जाणे.

स्वयंपाकघर असलेली खोली घेतली असेल तर गोष्ट वेगळी. पणजीच्या पालिका बाजारात किंवा मालीम जेटीवर सकाळी सात-साडेसातला जा. गळसं (कल्ला) उचलून लाल आहे का बघा, पोट बोटाने दाबून खळगा भरून येतो का बघा. बाजारात मासे कापून देणारी माणसं तिथेच बसलेली असतात, थोड्या पैशांत काम होतं. तळायला घेत असाल तर तुकडे बोटभर जाडीचे सांगा, पातळ तुकडा घरच्या तव्यावर सुटतो. हुमणासाठी बांगडे घेतलेत तर डोकी टाकू देऊ नका. रसाला चव त्यांचीच उतरते.