जगणं नकोसं झालेल्या माणसाला पुस्तक द्यावं, पण कसं?

सगळीकडे फिरणारा एक सल्ला थोडक्यात असा आहे: ‘निराश माणसाला डॉक्टरची नाही, चांगल्या पुस्तकाची गरज असते. प्रेरणादायी पुस्तक द्या, पूर्ण वाचायला लावा. दुःखाचं काही देऊ नका आणि आत्महत्येचा विषय तर काढूच नका.’ पाठवणाऱ्यांना मनापासून मदत करायची असते. पण या विषयात अर्धवट सल्ला जिवावर बेतू शकतो, म्हणून एकेक दावा तपासू.

डॉक्टर नको, हे आधी खोडायला हवं. मरणाची तीव्र ऊर्मी बरेचदा काही मिनिटं ते काही तास टिकते, मग ओसरते, पुन्हा येते. मधला वेळ निभावून न्यायला वाचन हातभार लावतं. त्यामागचा आजार, व्यसन, छळ किंवा कर्ज मात्र पुस्तकानं हटत नाही. आणि कधी, कसं हे ज्याच्या मनात ठरलेलं आहे, त्याच्यासाठी ती पुस्तकाची वेळच नसते. त्याला एकटं सोडू नये, घातक ठरतील अशा वस्तू हाताशी राहू देऊ नयेत, लगेच रुग्णालय किंवा हेल्पलाइन गाठावी. भारतात टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि चोवीस तास चालतो.

‘फक्त प्रेरणादायी द्या’ हा दावा सगळ्यांत जास्त पटतो आणि तोच सगळ्यांत जास्त फसतो. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल १८२६ मध्ये, विशीतच, खोल निराशेत गेला. असं जगणं वर्षभरापलीकडे सोसवेल असं वाटत नव्हतं, हे त्यानं आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे. मार्माँतेल या फ्रेंच लेखकाच्या आठवणी वाचताना एका ठिकाणी त्याला रडू आलं. वडील वारले आहेत, घरावर संकट कोसळलं आहे आणि कोवळ्या वयाचा मुलगा घरच्यांचा आधार व्हायचं ठरवतो, असा तो प्रसंग. आपल्यातल्या भावना मेलेल्या नाहीत हे मिलला त्या रडण्यातून कळलं आणि ओझं हलकं व्हायला लागलं. म्हणजे उपयोगी पडला तो मृत्यूचाच प्रसंग. याउलट निराशा ऐन भरात असताना त्यानं बायरन या कवीचं सगळं लेखन वाचलं, त्या वाचनानं त्रासच झाला, कारण कवीची मनःस्थिती अगदी त्याच्यासारखीच होती. १८२८ मध्ये वर्ड्‌स्वर्थनं आधार दिला: त्या कवीनंही तसलंच काही भोगलं होतं आणि त्यातून वाट काढली होती. निवड करताना हा फरक बघावा. अंधार ओळखणारं पण तिथंच न थांबणारं लेखन हवं.

‘उठ, ठरव, जिंक’ छापाचं पुस्तक त्या अवस्थेत आरोपासारखं वाटतं: इतरांना जमतं, मला नाही. एडविन श्नाइडमन या मानसशास्त्रज्ञानं आत्मघाताच्या मनःस्थितीचं एक ठळक लक्षण सांगितलं ते विचारांचं आकुंचन. दोनच पर्याय दिसतात, असंच सोसत राहणं किंवा संपवणं. चांगल्या कथेत तिसरा, चौथा पर्याय कुणीतरी जगताना दिसतो, आणि तो उपदेश म्हणून येत नाही.

‘आत्महत्येचा उल्लेखही नको’ यात अर्धं खरं आहे. जर्मन लेखक ग्योथेच्या १७७४ च्या कादंबरीत वेर्थर हा नायक शेवटी जीव देतो; त्याचं अनुकरण होईल या भीतीनं १७७५ मध्ये जर्मनीतल्या लाइपझिगमध्ये तिच्यावर बंदी आली. १९७४ मध्ये समाजशास्त्रज्ञ डेव्हिड फिलिप्स यांनी वृत्तपत्रांतल्या आत्महत्येच्या ठळक बातम्यांनंतर आत्महत्यांत होणाऱ्या वाढीला ‘वेर्थर परिणाम’ हे नाव दिलं. पण २०१० मध्ये ऑस्ट्रियातल्या संशोधकांना उलट बाजूही दिसली: मरणाच्या विचारातून सावरलेल्या माणसांबद्दलच्या मजकुरानंतर आत्महत्यांचं प्रमाण घटलेलं आढळलं. म्हणून देणाऱ्यानं पुस्तक आधी स्वतः शेवटापर्यंत वाचावं, मलपृष्ठावर विसंबू नये. मरणाच्या पद्धतीचे तपशील, मरण म्हणजे सुटका किंवा सूड असं चित्रण, वाचणाऱ्याच्याच वयाचं आणि त्याच्याच दुःखाचं पात्र शेवटी जीव देतं, यांपैकी काहीही असेल तर ते देऊ नये.

‘पूर्ण वाचायला लावा’ हे तर निव्वळ अज्ञान आहे. नैराश्यात लक्ष टिकत नाही, एकच ओळ चारदा वाचूनही डोक्यात शिरत नाही. तीनशे पानं हातात दिली की आणखी एक अपयश पदरात पडतं. एक कविता किंवा दोन पानं, दहा मिनिटं, शक्यतो दिवसा, आणि जमेल तर कुणीतरी मोठ्यानं वाचून दाखवावं. तोच उतारा उद्या पुन्हा चालेल. ‘काय शिकलास?’ असं विचारू नये. लिव्हरपूलमध्ये सुरू झालेल्या ‘द रीडर’ या संस्थेच्या गटांत मजकूर तिथंच मोठ्यानं वाचतात. आधी काही वाचून यावं लागत नाही, बोलायची सक्तीही नसते.

राहिला ‘विषय काढू नका’. थेट विचारल्यानं मरणाचा विचार डोक्यात शिरत नाही, हे संशोधनानं पुन्हा पुन्हा दाखवलं आहे. उतारा संपल्यावर प्रश्न सोपा जातो: ‘याला वाटलं तसं तुलाही वाटतं का? जीव द्यावासा वाटतो का?’ उत्तर ‘हो’ आलं तर पुस्तक मिटावं. समजूत घालण्याची घाई न करता ऐकावं, काही ठरवलं आहे का हे विचारावं आणि डॉक्टरकडे सोबत जावं. वाचल्यावर माणूस जास्त गप्प झाला, झोप उडाली, किंवा पात्राचा शेवट स्वतःचा म्हणून बोलू लागला, तरी वाचन तिथंच थांबवावं आणि त्याच दिवशी मदत घ्यावी.