कॉन्सर्टला पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी, आणि त्यांच्यावर डोळे वटारणाऱ्यांसाठीही

आज पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताच्या कॉन्सर्टला चायकोव्हस्की या संगीतकाराच्या सहाव्या सिम्फनीची (ऑर्केस्ट्रासाठीची अनेक भागांची मोठी रचना) तिसरी मूव्हमेंट, म्हणजे तिसरा भाग, संपली आणि पुढच्या रांगेतल्या एका मुलीने टाळ्या वाजवल्या. लगेच चारी बाजूंनी ‘शूऽऽ’! का, तर हल्ली सगळी रचना संपेपर्यंत टाळ्या वाजवायच्या नाहीत असा रिवाज. पोरगी लालबुंद. माझं डोकंच फिरलं.

अहो, ती मूव्हमेंट म्हणजे दणदणीत मार्च आहे. शेवटाला ब्रास (ट्रम्पेटसारखी पितळी वाद्यं), झांजा सगळं तुटून पडतं. हात आपसूक उठणारच. मोझार्टने १७७८ मध्ये पॅरिसहून वडिलांना खुशीत कळवलं होतं की मूव्हमेंट चालू असतानाच लोकांनी टाळ्या दिल्या. बेथोव्हनच्या सातव्या सिम्फनीतल्या दुसऱ्या मूव्हमेंटला १८१३ मध्ये पहिल्याच कार्यक्रमात वन्स मोअर मिळाला. आणि आपण कोण लागून गेलो?

बरं, मान्य. त्याच सहाव्या सिम्फनीचा शेवट चेलो आणि डबल बास या खर्जातल्या तंतुवाद्यांवर विरत जातो, तिथे घाईची टाळी पडली की सगळा परिणाम जातो. पण मग आधी सांगा ना! मूव्हमेंट मोजत बसू नका, गणित हमखास चुकतं. बेथोव्हनच्या पाचव्या सिम्फनीत तिसरी मूव्हमेंट न थांबता चौथीत शिरते, मेंडेल्सनच्या व्हायोलिन कॉन्चेर्टोत (एक मुख्य वाद्य आणि ऑर्केस्ट्राची रचना) तिन्ही मूव्हमेंट एकमेकींना जोडलेल्या आहेत. कंडक्टरचे हात पूर्ण खाली येऊन तो प्रेक्षकांकडे वळला की वाजवा. संपला विषय.

तिकीट काढताना मोठ्या नावाला भुलू नका, कार्यक्रम किती मिनिटांचा ते बघा. ओव्हर्चर (सुरुवातीची छोटी रचना) १० मिनिटं, कॉन्चेर्टो अर्धा तास, मध्यंतर, मग ४० मिनिटांची सिम्फनी हा नेहमीचा साचा नवख्याला बरा. संगीतकार माहलरची तिसरी सिम्फनी दीड तासाच्या वर जाते. पहिल्याच खेपेला ती ऐकवून कुणाला कायमचं पळवून लावू नका. आदल्या आठवड्यात मुख्य रचना दोनदा ऐका, कामं करता करता ऐकलीत तरी चालेल.

जागेबद्दल लोक उगाच पहिल्या रांगेचा हट्ट धरतात. तिथे समोरची व्हायोलिन्स कानावर येतात आणि मागची वुडविंड (बासरी, क्लॅरिनेटसारखी फुंकवाद्यं) त्यांच्याआड जातात. पहिल्या बाल्कनीच्या मध्यावर सगळं एकजीव ऐकू येतं. खाली बसायचं तर बाल्कनीच्या छताखालच्या अगदी मागच्या रांगा टाळा, आवाज दबतो. पियानो कॉन्चेर्टो असेल आणि बोटं बघायची असतील तर स्टेजकडे तोंड करून डावी बाजू घ्या. ऑर्केस्ट्रामागच्या जागांवरून कंडक्टरचा चेहरा दिसतो, झकास. पण हॉर्न या पितळी वाद्याचं तोंड मागे असतं, ते थेट अंगावर येतात. गायक असतील तर तिथे बसूच नका, त्यांची पाठ ऐकावी लागेल.

आणि शूऽऽ करणाऱ्या मंडळींनो, त्या पोरीच्या टाळीपेक्षा तुमच्या खोकल्याच्या गोळीचा चुरचुरणारा कागद जास्त ऐकू येत होता! कागद घरीच काढा, गोळी रुमालात ठेवा. फोन सायलेंटवर टाकून निर्धास्त राहू नका, बऱ्याच फोनमध्ये अलार्म तरीही वाजतो. सरळ बंद करा.

अर्धा तास आधी पोचा. दारं लागली की बहुतेक ठिकाणी पहिली रचना संपेपर्यंत आत सोडत नाहीत, आणि कार्यक्रमात एकच लांबलचक सिम्फनी असेल तर तुमची संध्याकाळ बाहेर लावलेल्या टीव्हीसमोर जाईल. तोही असला तर.