रक्ताची नळी पुण्याला पोहोचण्याआधी

जैवसुरक्षा, म्हणजे धोकादायक जंतू हाताळताना ते माणसांना लागू नयेत याची काळजी, म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर पुण्यातल्या पाषाणची एनआयव्हीची (राष्ट्रीय विषाणू संस्थेची) बीएसएल-४, म्हणजे सगळ्यात कडक सुरक्षेची लॅब येते. २०१२ मध्ये ती सुरू झाली, देशातली पहिली. अंगभर सूट घातलेले शास्त्रज्ञ, एकामागून एक बंद होणारी दारं. ती असायलाच हवी, मला तिचा अभिमान आहे. पण माकडतापाचा (क्यासनूर फॉरेस्ट डिसीजचा) विषाणू तिथे आपल्या पायांनी चालत जात नाही. काजूच्या बागेत पातेरा गोळा करताना गोचीड चावलेल्या बाईच्या दंडातून तो सुईत येतो, सुईतून नळीत, आणि मग माझ्या हातात. मी कोकणातल्या एका छोट्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे, म्हणून हे लिहितेय.

या तापाची गोष्ट मुळात सहकार्याचीच आहे. १९५२ मध्ये आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि अमेरिकेचं रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून पुण्यात व्हायरस रिसर्च सेंटर काढलं, तीच आजची एनआयव्ही. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं मरायला लागली, आसपासच्या गावांतली माणसं तापाने फणफणली. आधी भीती वाटली ती आफ्रिकेतला पीतज्वर (यलो फीव्हर) इथे आला की काय याची. पुण्याच्या लोकांनी शोधून काढलं की हा वेगळाच विषाणू आहे आणि तो गोचिडीतून येतो. त्या संशोधनात लॅबमधल्या लोकांनाही लागण झाली होती. हे मला कॉलेजात कुणी सांगितलं नाही, फार उशिरा वाचनात आलं. पुढे २०१५ च्या सुमारास हा ताप गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात आला.

दोन वर्षांपूर्वीची एप्रिलमधली एक दुपार सांगते. लाईट गेली, आली, परत गेली, परत आली. सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे रक्ताच्या नळ्या गरगर फिरवणाऱ्या मशीनमध्ये, सहा नळ्या फिरत होत्या. आतून ‘कट्ट’ असा आवाज आला. माझ्यासोबतचा नवीन मुलगा, कंत्राटावरचा, लगेच झाकणाकडे गेला. मी ओरडलेच, “थांब! हात लावू नको!” नळी फिरताना तडकली की आतलं रक्त बारीक धुक्यासारखं उडतं. झाकण उघडलं की ते थेट नाकातोंडात. मशीन बंद केलं, दोघं बाहेर आलो, दार लावलं आणि अर्धा तास व्हरांड्यात घड्याळाकडे बघत बसलो. मग एन-९५, दोन-दोन ग्लोव्हज, चिमट्याने तुकडे उचलणं, हायपो (जंतू मारणारं ब्लीचचं पाणी) ओतून ठेवणं. तो मुलगा घामाने निथळत होता. मला म्हणाला, “मॅडम, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.” खरं होतं ते. ट्रेनिंगच्या कागदावर त्याची सही मात्र घेतलेली होती.

आमच्याकडे बायोसेफ्टी कॅबिनेट आहे, म्हणजे जंतू बाहेर येऊ नयेत म्हणून आतली हवा फिल्टरमधून गाळणारी काचेची पेटी. एका प्रोजेक्टमधून आलं, तेव्हा फीत कापली, फोटो निघाले. अशा कॅबिनेटची हवा आणि फिल्टर दरवर्षी तपासून घ्यावा लागतो, नाहीतर ते नुसतं काच लावलेलं टेबल. उलट त्याच्या भरवशावर माणूस जास्त बेफिकीर होतो. प्रोजेक्ट संपला तसा तपासणीचा पैसाही संपला. मी तीन पत्रं पाठवली. उत्तर आलं की मशीन प्रोजेक्टचं आहे, आमच्या बजेटमध्ये बसत नाही.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनमधल्या केनेमाच्या सरकारी हॉस्पिटलमध्ये लासा तापावर (हाही विषाणूचा जीवघेणा ताप) परदेशी संस्थांबरोबर वर्षानुवर्षं चांगलं काम चाललं होतं. २०१४ मध्ये तिथे इबोला आला. त्याच्या जनुकीय रचनेवरचा शोधनिबंध ऑगस्टमध्ये जगभर गाजला, पण तो छापून येईपर्यंत त्याच्या लेखकांपैकी पाच जण इबोलानेच गेले होते. डॉ. शेख हुमार खान त्यात होते, नर्स म्बालू फॉनी होत्या. निबंधावर त्यांची नावं आहेत, आणि ती असायलाच हवी होती. पण त्या वॉर्डाला पुरेशी माणसं आणि साधनं वेळेत मिळाली असती तर, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

म्हणून प्रोजेक्ट लिहिणाऱ्या मोठ्या संस्थांना माझं कळकळीचं सांगणं आहे. मशीन देताना पुढच्या पाच वर्षांच्या तपासणीचा आणि दुरुस्तीचा खर्च त्यातच धरा. इन्व्हर्टर धरा. टेक्निशियनचा पगार धरा, आणि त्याला सुई टोचली तर उपचार कोण करणार तेही लिहून ठेवा. मोबाइल बीएसएल-३ लॅब (बीएसएल-४ च्या एक पायरी खालची, गाडीवरची) २०२२ मध्ये नाशिकला सुरू झाली, पुढच्या वर्षी निपाह विषाणूच्या साथीच्या वेळी ती केरळातल्या कोझिकोडपर्यंत गेली. लॅब पेशंटजवळ नेता येते, हे आपण करून दाखवलंय.

आणि रिपोर्ट परत पाठवा. एक मावशी मला दारातच अडवून विचारत होत्या, “माजा रगात पुण्याक गेला, मगे माका काय झाला ता कोण सांगतलो?” त्या बऱ्या होऊन परत बागेत जायलाही लागल्या होत्या, आणि रिपोर्ट कुठल्या टेबलावर अडकलाय ते मला चार फोन करूनही कळलं नाही. अशा मावशी पुढच्या वेळी ताप आला तर रक्त द्यायला येतील कशाला?

सेंट्रिफ्यूजजवळचा तो मुलगा आता नाही. झाकण अर्धा तास उघडायचं नाही हे त्याने नंतर नव्या दोघांना स्वतः शिकवलं होतं. त्याचं कंत्राट ३१ मार्चला संपलं, काजूचा हंगाम ऐन भरात असताना.